माहुलची हवा आणि रॉर्टीचा आरसा

"प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं." हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी तीन वेळा ऐकलं. पहिल्यांदा कुर्ल्याच्या आमच्या रविवारच्या अभ्यासमंडळात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका दीनदार, हुशार मुलाच्या तोंडून. दुसऱ्यांदा त्याच बैठकीत, त्याच्यावर तुटून पडलेल्या आमच्या एका विवेकवादी मित्राच्या तोंडून, अर्थात उपहासानं. तिसऱ्यांदा एका सरकारी कचेरीत. माहुलच्या हवेबद्दलचा अर्ज घेऊन मी गेलो होतो. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. हवेचा निर्देशांक 'मध्यम' दाखवत होता. "तुम्हाला त्रास होत असेल, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले, "पण आमचा आकडा हा आहे. शेवटी प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं."

पहिले दोघं रिचर्ड रॉर्टी या अमेरिकन तत्त्वज्ञाबद्दल भांडत होते. साहेबांनी रॉर्टीचं नावही ऐकलं नसेल. वाक्याचा फायदा मात्र त्यांनाच झाला. माझा अर्ज शिक्का मारून फाईलमध्ये गेला.

रॉर्टी आपल्याकडे कसा वाचला जातो, यावर मला भांडायचं आहे. भांडण पुस्तकी वाटेल, पण ज्याच्या घराची खिडकी तेलाच्या टाक्यांकडे उघडते त्याला ते तसं वाटत नाही.

आधी रॉर्टी काय म्हणाला ते थोडक्यात. १९७९ साली त्याचं 'फिलॉसॉफी अँड द मिरर ऑफ नेचर' हे पुस्तक आलं. देकार्तपासून युरोपीय तत्त्वज्ञान मनाला आरसा समजत आलं, असं त्याचं म्हणणं. जग बाहेर, आरसा आत. आरशात जगाचं बिंब बिनचूक पडलं की ते ज्ञान. आणि आरसा पुसून लख्ख ठेवणं हे तत्त्वज्ञाचं काम. रॉर्टी म्हणाला, हे रूपकच टाकून द्या. वाक्य एका हातात आणि जग दुसऱ्या हातात धरून, दोन्हींच्या बाहेर उभं राहून तुलना करता येईल अशी जागा माणसाला मिळालेली नाही. आपण कारणं देतो ती माणसांना देतो. एखादी गोष्ट 'मला माहीत आहे' असं म्हणणं म्हणजे चारचौघांत तिचं समर्थन करण्याची जबाबदारी घेणं.

त्यानं जग नाकारलं नाही, हे शंभरदा सांगूनही कुणी ऐकत नाही. डोंगर आहे, समुद्र आहे, विष आहे. पण डोंगर खरा किंवा खोटा नसतो. डोंगराबद्दलचं वाक्य खरं किंवा खोटं असतं आणि वाक्यं माणसं तयार करतात. 'खरं' या शब्दाचा एक उपयोग तर त्यानं आवर्जून राखून ठेवला होता, इशारा देण्याचा. आज तुमचं म्हणणं सगळ्यांना पटलं असेल, तरी ते खरं नसू शकतं. उद्या असा कुणी समोर येईल ज्याच्यापुढे तुमचं समर्थन टिकणार नाही. हा 'उद्या येणारा' माणूस लक्षात ठेवा, मला तो पुढे लागणार आहे.

या मांडणीचं स्वागत कसं झालं? अमेरिकेत हिलरी पटनम हा दुसरा मोठा फलप्रामाण्यवादी त्याच्याशी वर्षानुवर्षं वाद घालत राहिला. सुझन हाक यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात त्याच्या फलप्रामाण्यवादाला चक्क असंस्कृत म्हटलं. १९९६ साली अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञानं एका नियतकालिकात मुद्दाम निरर्थक लेख छापून आणला आणि उत्तर-आधुनिकांची फजिती केली. त्या धुरळ्यात रॉर्टीही माखला गेला. २०१६ साली ट्रम्प निवडून आल्यावर त्याच्याच १९९८च्या पुस्तकातला एक उतारा भविष्यवाणी म्हणून मोबाईलवर फिरला. त्याच सुमारास 'सत्योत्तर' काळाचं खापरही काहींनी त्याच्याच डोक्यावर फोडलं. तो तोवर हयात नव्हता, २००७मध्येच गेला होता.

आपल्याकडे तो माझ्या पाहण्यात बहुतेक गाठोड्यातूनच आला. फुको, देरिदा, ल्योतार यांच्याबरोबर बांधलेला, दुसऱ्या-तिसऱ्या हातानं. त्यात शब्दानंही घात केला. प्रॅग्मॅटिझमला मराठीत 'फलप्रामाण्यवाद' म्हणतात. शब्द विद्वानांनी विचारपूर्वक घडवलेला आहे. पण 'फल' ऐकलं की आपल्या कानात 'फायदा' वाजतो, आणि तिथून 'ज्यानं काम भागतं ते खरं' इथवर यायला दोन पावलं पुरतात. (विल्यम जेम्सनं विचाराच्या 'रोख किमती'ची भाषा वापरून या गैरसमजाला हातभार लावला, हेही कबूल करायला हवं.)

आता आमच्या त्या दीनदार मुलाकडे येतो. त्याला रॉर्टी आवडला, कारण त्याला त्यात सुटका दिसली. विज्ञान हाही एक शब्दसंग्रह, धर्म हाही एक शब्दसंग्रह. मग आम्हाला कोण जाब विचारणार? तरुण मुसलमानाला ही सुटका का हवीशी वाटते ते मला समजतं. ज्याला रोज कुणी ना कुणी कटघऱ्यात उभं करतं, त्याला कटघराच खोटा आहे असं सांगणारा माणूस जवळचा वाटणारच. पण बेटा, तू त्याचा १९९४चा निबंध वाचलेला नाहीस. त्याचं शीर्षकच धर्म हा संवाद थांबवणारा आहे असं सांगतं. सार्वजनिक चर्चेत 'माझ्या श्रद्धेत असं आहे' म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही, म्हणून ते कारण तिथं आणू नका, असं तो म्हणतो. २००३ साली त्यानं ही भूमिका बरीच मवाळ केली, पण जाब विचारण्यापासून कुणालाच सुटका दिली नाही. उलट, जाब देणं हेच ज्ञानाचं दुसरं नाव, असं त्याचं म्हणणं. ज्याला जाब नको त्यानं रॉर्टीला वकीलपत्र देऊ नये.

खरं तर या मुलाला रॉर्टीपर्यंत जायची गरजही नव्हती. आपल्या मुहद्दिसांनी हदीस पारखताना आरसा कुठे वापरला? त्यांनी विचारलं: हे तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, तो माणूस भरवशाचा होता का, दोघांची भेट झाली होती का. इस्नादची अख्खी शिस्त म्हणजे माणसांनी माणसांना दिलेला जाब. आणि जी खबर इतक्या वेगवेगळ्या माणसांकडून येते की त्या सगळ्यांनी संगनमत करून खोटं बोलणं शक्य नाही, तिला 'मुतवातिर' म्हटलं गेलं. हे सगळं आपल्या घरात असताना 'ज्याचं त्याचं सत्य' कुठून आलं?

विवेकवादी मित्राचं चुकणं अधिक आदरणीय आहे, म्हणून जास्त धोक्याचं. तो म्हणतो, रॉर्टी मान्य केला तर बुवा आणि डॉक्टर एका पातळीवर येतील. आकडा हाच गरिबाचा शेवटचा आधार आहे, तो काढून घेऊ नका. मी त्याच्या या भीतीचा मान राखतो. ज्यानं गल्लोगल्ली भोंदूंशी दोन हात केलेत त्याला 'सत्य म्हणजे समर्थन' हे ऐकून घाम फुटणं साहजिक आहे. पण आकडा काय असतो, ते त्यानं एकदा माझ्या घरी येऊन बघावं.

आम्ही विद्याविहारचे. तानसा जलवाहिनीच्या कडेला आमची वस्ती होती. अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान होतं. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचे न्यायालयाचे आदेश होते. २०१७मध्ये वस्त्या पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांबरोबर आम्ही माहुलला आलो. सात मजली ७२ इमारती, सुमारे १७ हजार घरं. एका अंगाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या; दुसऱ्या अंगाला खाडी, जिच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांचे फोटो काढायला मोठमोठे कॅमेरे घेऊन लोकही येतात. २०१८च्या ८ ऑगस्टला कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्या थरथरल्या होत्या.

अब्बांना सकाळी वास येतो, रात्री दीडनंतर जास्त येतो. ते कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीनं वेळ लिहून ठेवतात. जुनी सवय आहे, पूर्वी गिऱ्हाइकांची मापं अशीच लिहायचे. ते कालनिर्णय घेऊनच मी त्या कचेरीत गेलो होतो.

आता साहेबांचा आकडा. आपला राष्ट्रीय हवा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात: धुळीचे दोन प्रकारचे कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. त्यात बेन्झीन नाही. २००९च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषक आहेत, तिथं बेन्झीन आहे, पण टोल्युइन नाही, झायलीन नाही. तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्या भरताना, रिकाम्या करताना ज्या वाफा सुटतात त्या नेमक्या याच कुळातल्या. त्यात धुळीच्या कणांसारखे बरेचसे आकडे चोवीस तासांची सरासरी असतात. रात्री दीड वाजता तासभर जीव घुसमटला आणि उरलेले तेवीस तास बरे गेले, तर सरासरीत तो तास विरघळून जातो. अब्बांच्या पेन्सिलीच्या खुणा आणि साहेबांचा पडदा यांच्यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण कोणती वाफ मोजायची, किती वेळाची सरासरी घ्यायची, यंत्र कुठल्या छपरावर बसवायचं, हे निसर्गानं सांगितलेलं नाही, माणसांनी ठरवलेलं आहे. ते ठरवताना रात्री दीडला जागा असलेला माणूस खोलीत नव्हता.

रॉर्टीचं म्हणणं हेच आहे. पडद्यावरचा आकडा म्हणजे जगाचं बिंब नव्हे. तो एका शब्दसंग्रहातलं उत्तर आहे आणि शब्दसंग्रह बदलता येतो. माझा विवेकवादी मित्र ज्या आकड्याला गरिबाचा आधार म्हणतो, तो आकडा माहुलमध्ये गरिबाच्या विरुद्धचा साक्षीदार होता. तो आमचा साक्षीदार व्हायचा तर आधी त्याला विचारायला हवं: तू कुणाला उत्तर देतोयस?

आणि हे एकदा झालेलंही आहे. आम्ही येण्याच्या कितीतरी आधी. माहुल आणि आंबापाडा ही जुनी कोळी गावं. तिथल्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३मध्ये तिथं घरोघरी पाहणी केली होती. त्यात महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो म्हणणारे ६७ टक्क्यांहून अधिक निघाले, छातीत घुसमटतं म्हणणारे ८४ टक्क्यांहून अधिक, डोळे चुरचुरतात म्हणणारे ८६ टक्क्यांहून अधिक. लक्षात घ्या, ही पाहणी म्हणजे लोकांना विचारणं होतं. यंत्राऐवजी तोंडाला विचारलं. डिसेंबर २०१५मध्ये न्यायाधिकरणानं मान्य केलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२०मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली गेली. मी याला मुतवातिर खबर म्हणेन. इतक्या कोळ्यांनी, आजी-आजोबांनी, शाळकरी पोरांनी संगनमत करून खोकला काढला नव्हता.

आता तारखा पुन्हा वाचा. निकाल डिसेंबर २०१५चा. आम्हाला इथं आणलं २०१७मध्ये. म्हणजे ज्ञान होतं. समर्थन झालेलं, न्यायाधीशांपुढे टिकलेलं, कागदावर उतरलेलं ज्ञान. तरीही जलवाहिनीवरच्या हजारो कुटुंबांना त्याच हवेत पाठवलं गेलं. त्या ज्ञानाच्या गोतावळ्यात आम्ही नव्हतोच. कोळ्यांसाठी जे खरं ठरलं होतं ते आमच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून खरं ठरवावं लागलं. त्यासाठी माणसं ऑक्टोबर २०१८पासून विद्याविहारच्या फुटपाथवर वर्षभराहून जास्त बसली. बायका तिथंच स्वयंपाक करायच्या. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर नाही तर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. काहींना दुसरीकडे घरं मिळाली. आमच्यासारखे काही अजून फायलींत आहेत.

इथं मला रॉर्टीशीही भांडायचं आहे, नाहीतर वकिली होईल. रॉर्टीनं वस्तुनिष्ठतेच्या जागी एकजूट ठेवली. जास्तीत जास्त माणसांना 'आपण' या शब्दात घेत जा, ज्ञान आपोआप सुधारेल, असा त्याचा भरवसा. सुंदर आहे. पण तो 'आपण' वाढवणार कोण? ज्यांना आधीच खोलीत खुर्ची आहे ते. उद्या येणारा तो नवा माणूस दारावर उभा आहे आणि दार आतून उघडतं. विद्याविहारच्या फुटपाथवर बसलेल्यांची कुणी वाट पाहत नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. रॉर्टीनं ज्याला आपला नायक मानलं तो जॉन ड्युई सतत 'अनुभवा'बद्दल बोलायचा. रॉर्टीला हा शब्द जुनाट वाटला; त्यानं अनुभव काढला आणि भाषा ठेवली. ज्ञान म्हणजे संभाषण. पण अब्बांचा खोकला संभाषणाच्या आधीचा आहे. त्याला अजून शब्द मिळालेला नाही, मानक मिळालेलं नाही, रकाना मिळालेला नाही, तरी तो आहे आणि काहीतरी चुकतंय हे तोच सांगतो. रॉर्टीनं अनुभव टाकल्यामुळेच 'मग सगळ्या नुसत्या गोष्टीच' हा आक्षेप त्याला आयुष्यभर चिकटला. पटनमशी झालेल्या वादात मी म्हणूनच पटनमच्या बाजूला जास्त झुकतो.

महाराष्ट्रात ड्युई रॉर्टीच्या कितीतरी आधी आला होता, आणि नीट वाचला गेला होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी ड्युईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून, ऋण मान्य करून केला आहे. त्याच भाषणात समाजाच्या एका थरातून दुसऱ्या थरात अनुभव झिरपत राहिला पाहिजे अशी कल्पना आहे, तीही ड्युईंच्या शब्दांत. हे झिरपणं बंद पाडणारी भिंत म्हणजे जात. भिंत फोडल्याशिवाय संभाषण कसलं? रॉर्टीला जे दार दिसलं नाही ते बाबासाहेबांना दिसलं, कारण ते दाराच्या बाहेर वाढले होते.

आणि आपल्याकडे इक्बाल. १९३०मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या व्याख्यानांतल्या पहिल्याच व्याख्यानात ते धार्मिक अनुभवाला दोन कसोट्या लावायला सांगतात, एक बुद्धीची आणि एक फळाची. पहिली तत्त्वज्ञ लावतो, दुसरी पैगंबर. विल्यम जेम्स त्यांनी वाचलेला होता आणि त्याला ते बिचकले नाहीत. श्रद्धेचं फळ काय ते बघा, असं सांगायची हिंमत शंभर वर्षांपूर्वीच्या मुसलमान विचारवंतात होती. हमीद दलवाईंनी १९७०मध्ये आपल्या मंडळाला नाव देताना फुल्यांचा 'सत्यशोधक' हा शब्द उचलला. दलवाईंशी तुमचे कितीही मतभेद असोत, शोधक हा शब्द सत्य खिशात असल्याचा दावा करत नाही आणि ते नाहीच असंही म्हणत नाही.

फळाच्या कसोटीवरून आठवलं. फलप्रामाण्यवादात एक जुनी समजूत आहे, पर्सच्या काळापासूनची: माणसाचा विश्वास कशावर आहे हे त्याच्या बोलण्यावरून ओळखू नका, तो कशाच्या भरवशावर पाऊल टाकायला तयार आहे ते बघा. २०२५मध्ये मुंबई महापालिकेनं माहुलमधली रिकामी पडलेली ९,०९८ घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत या पैशात हल्ली खुराडंही येत नाही. अर्ज इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली.

माझा एक मावसभाऊ पालिकेत कामाला आहे. नालासोपाऱ्याहून रोज दोन तास उभ्यानं येतो. मी त्याला म्हटलं, फॉर्म भर, शेजारी येशील, अब्बांनाही बरं वाटेल. तो काही बोलला नाही. चहा पिऊन झाल्यावर खिडकीशी गेला, टाक्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भाईजान, माझी पोरगी अडीच वर्षांची आहे." अब्बांनी कालनिर्णयवरून मान वर केली नाही. ते त्या दिवशीची वेळ लिहीत होते.